तीन खर्ड्यांचा अर्ज

मर्ल हॉस्किनने अर्ज तीनदा लिहिला, तेव्हा कुठे तो तिच्या मनास आला. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या त्या धातू वितळवणाऱ्या भट्टीच्या गावात कुणाला सरकारी कचेरीत काही कळवायचं असलं की लोक तिच्याच दाराशी येत. चाळीस वर्षं तिने छापखान्यात मुद्रितं तपासली होती. 'महोदय'पासून 'आपली विश्वासू'पर्यंत तिच्या पत्रात एकही शब्द ढिला सापडत नसे.

हा अर्ज मात्र घरचाच, नवऱ्याच्या नावाचा. नवरा क्लॅरी भट्टीवर राबून कमरेतून गेला होता. त्याला उठवणं, आंघोळ घालणं, पुन्हा पलंगावर ठेवणं, सगळं ती एकटी करी. ती एकोणऐंशीची, तो चौऱ्याण्णव किलोचा. सकाळी सरकारकडून हाताखाली माणूस मिळालं तर तो घरी राहणार होता. नाहीतर अ‍ॅडलेडचा वृद्धाश्रम, बसने तीन तास.

पण हल्ली कचेऱ्या पत्रावर ठरवत नाहीत, फोन करतात. फोन आला तेव्हा मर्ल मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. क्लॅरीचं हसणं ऐकून आत आली.

"कोण होतं?"

"कचेरीतली पोर. गोड होती. 'काय क्लॅरी, कसं काय?' म्हणाली."

"मग?"

"म्हटलं, झकास."

"कमरेचं नाही विचारलं?"

"विचारलं की. म्हटलं, कुरकुरते थोडी, चालायचंच. बायको आहे ना घोड्यासारखी!"

मर्ल खुर्चीवर बसली. भट्टीवर हात भाजलेला माणूसही 'ठीक आहे' म्हणे. कण्हणाऱ्याच्या शेजारी जेवायला कुणी बसत नसे. 'श्री. हॉस्किन' म्हणून विचारलं असतं, तर क्लॅरीने ताठ बसून खरं सांगितलं असतं.

"मूर्खा, ती लिहून घेत होती."

"छे गं. गप्पा मारत होती."

बारा दिवसांनी उत्तर आलं. 'हाय क्लॅरी! तुमचं छान चाललंय हे ऐकून आनंद झाला.' खाली, मदत नामंजूर.

मर्लने पाच पानी फेरअर्ज केला. सोबत डॉक्टरचा दाखला. अर्जदाराचं स्वतःचं म्हणणं नोंदीत आहे, ते बदलता येत नाही, असं कळवण्यात आलं. मे महिन्यात दोघं न्हाणीघरात पडली. शेजारच्या डॉटला हाक ऐकू जाईपर्यंत दोन तास तशीच होती. पुढच्या आठवड्यात क्लॅरीला अ‍ॅडलेडला नेलं.

त्या पडण्यात मर्लचा खांदा निखळला होता. दांडा धरून बसच्या पायऱ्या तिला चढवेनात. रविवारी ती फोन करी.

"कसा आहेस?"

"झकास."

"क्लॅरी, मी विचारतेय. मर्ल."

पलीकडे कुणाची तरी ढकलगाडी खडखडत गेली.

"जेवण बरं असतं गं," तो म्हणाला. "तक्रार नाही."