मस्टरमधले माहेरपण

माझा आवाज लहानपणापासून हळू आहे. शाळेत, नात्यागोत्यात आणि पुढे नोकरीत "माणूस सौम्य आहे" अशीच माझी ओळख झाली, आणि मीही ती गुण म्हणून बाळगली. आता पन्नाशी उलटून काही वर्षे झाल्यावर त्या सौम्यपणाकडे पाहतो, तेव्हा लक्षात येते, की लोकांना जे जे वाईट सांगायचे होते ते मी याच आवाजात सांगितले, आणि म्हणूनच त्यांनी ते निमूटपणे ऐकून घेतले.

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये मी हजेरी कारकून होतो. निवडाईच्या शेडमध्ये पस्तीसेक बायका बसत. वर्षभरात कामाचे दोनशे चाळीस दिवस भरले, की माणसाला सहजासहजी काढता येत नाही, एवढा कायदा शेठांना ठाऊक होता. त्यामुळे सातवा महिना संपत आला, की ज्याचे दिवस भरत आले त्याला 'ब्रेक' द्यायचा, अशी रीत होती. पुरुषांना महिनाभर खरोखरच घरी बसवत. निवडाईचा सराईत हात मात्र सहज मिळत नाही, म्हणून बायकांना सोडायला शेठ नाखूश असत.

त्यावरचा तोडगा मी काढला. शेठांनी तो मागितलाही नव्हता. प्रत्येक लग्न झालेल्या बाईला दोन नावे असतात, हे मी त्यांच्या नजरेस आणून दिले. ब्रेकच्या महिन्यात सासरच्या नावापुढे खाडा मांडायचा आणि त्याच बाईला माहेरच्या नावाने नवी म्हणून लावून घ्यायचे. बाई तीच, पाट तोच, डाळही तीच. मस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी कारण लागे, तिथे मी सुवाच्य अक्षरात लिही : 'रजा, माहेरी गेली'.

शेडमध्ये या महिन्याला माहेरपण असे नाव पडले. पगाराच्या दिवशी बायका माझ्या खिडकीशी रांगेत उभ्या राहत आणि आपसात बोलत.

"काय वं, माहेरले चालनी का?"

"हा ना. साडी नही, चोळी नही, भाऊबी घेवाले नही उना."

"भाऊ हाफिसमा बठेल शे ना!"

मला सगळ्याजणी भाऊच म्हणत. मी खिडकीआडून हसत असे. ते हसू आज मला मस्टरवरच्या माझ्या सहीपेक्षाही जास्त आठवते.

त्यांच्यात एक अक्का होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी; माहेर धुळ्याकडचे, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. तिच्या सुपातून खडा सुटत नसे. एका माहेरपणाच्या महिन्यात मुकादमाने तिला पाटावरून उठवून माल वाहणाऱ्या यंत्राच्या पट्ट्याखालचा भुसा झाडायला पाठवले. पट्टा बंद करायची पद्धत नव्हती. एकदा बंद केला, की पुन्हा माल चढायला वेळ लागे. उजव्या हाताची तीन बोटे गेली. मीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेले. वाटेत ती रडली नाही. हात लुगड्यात गुंडाळून ती एवढेच विचारत होती, की सूप कोणी उचलून ठेवले का.

दोन महिन्यांनी ती मिलच्या फाटकाशी आली. आत सोडत नव्हते, म्हणून मी बाहेर गेलो.

"भाऊ, माले काही हक्क लागस का?"

"कायम कामगारालाच असतं ते, अक्का," मी म्हणालो. "तुमचं नाव तर त्या महिन्यात खाड्यात आहे."

मी कायदा वाचलेला नव्हता. माझ्याच खुर्चीमागे भिंतीवर कारखान्याच्या नियमांचा मराठी तक्ता होता. कायद्याने तो लावावाच लागतो, म्हणून लावलेला. त्यावर एका बियाणे दुकानाचे कॅलेंडर लटकत असे. ती गेल्यावर मी कॅलेंडर काढले. चालू यंत्राची साफसफाई स्त्रियांकडून करून घेऊ नये, असे त्यात स्वच्छ छापलेले होते. वाचून मी कॅलेंडर परत होते तिथे लावले. फाटक फार लांब नव्हते. अक्का अजून रस्त्यावर रिक्षाची वाट पाहत उभी असेल, हेही मला ठाऊक होते.

तिला खरे सांगितले ते एका वकीलबाईंनी. कामावर इजा झाली, तर माणूस कायम की तात्पुरता हे भरपाईचा कायदा पाहत नाही. फक्त तो त्या वेळी कामावर होता हे दिसले पाहिजे. दावा दाखल झाला. शेठांचे उत्तर तयारच होते, आणि ते माझ्या अक्षरात होते : 'रजा, माहेरी गेली'. अक्काचा भाऊ धुळ्याला देवपूरच्या कडेला राहतो, दारात दोन म्हशी आणि कडबा कापायचे कुट्टी यंत्र आहे, एवढी माहिती शेठांच्या वकिलाने काढली होती. हात मिलमध्ये गेलाच नाही, तो माहेरी कुट्टीत गेला, असे त्यांनी मांडले.

साक्षीच्या दिवशी शेठांनी मला धमकी दिली नाही. त्यांनी केबिनमध्ये बोलावून स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला आणि म्हणाले, "तुम्ही फक्त मस्टरात आहे तेवढंच सांगा. जास्तीचं काही नको."

न्यायालयात वकीलबाईंनी मला एकच प्रश्न दोनदा विचारला. मस्टरमधल्या या दोन नावांच्या दोन बाया आहेत, की एकच? अक्का समोर बाकावर बसली होती. तिने हात पदराखाली घेतला नव्हता.

"मस्टरप्रमाणे वेगळ्या आहेत," मी म्हणालो.

"जरा मोठ्याने सांगा," न्यायाधीश म्हणाले. मी तेच वाक्य पुन्हा, जमेल तितक्या मोठ्याने सांगितले. वाक्य खोटे नव्हते, अशी समजूत मी बरीच वर्षे घालून घेतली. मस्टरप्रमाणे त्या वेगळ्याच होत्या. मीच तर त्यांना वेगळे केले होते.

दावा फेटाळला गेला. अक्का जळगावची खोली सोडून धुळ्याला भावाकडे गेली. मस्टरमध्ये इतक्यांदा लिहिलेले शेवटी खरे झाले. मी आणखी काही वर्षे त्याच खुर्चीत काढली.

गेल्या वर्षी माझ्या लेकीच्या कागदपत्रांची अडचण झाली. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. तिला घेऊन मी कोर्टाच्या आवाराबाहेर टाइपिंगवाल्याकडे गेलो. त्याने मान वर न करता विचारले, "बाई एकच ना? मग पाच मिनिटांचं काम आहे." आणि खरोखर पाच मिनिटांत त्याने कागद हातात ठेवला. 'वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत.' लेक माझ्याकडे पाहत राहिली. "बाबा, सही करा ना. पेन चालत नाहीये का?"

सही झाली. लेकीला बसमध्ये बसवून दिले आणि मी परत त्याच टेबलाशी आलो. तिथे अक्काच्या वकीलबाईंचा पत्ता विचारून घेतला आणि त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला ओळखले. बसा म्हणाल्या नाहीत. मीही बसलो नाही. अक्काच्या दाव्यात खरे काय ते लिहून द्यायचे आहे, असे उभ्यानेच सांगितले.

"अपिलाची मुदत केव्हाच गेली," त्या म्हणाल्या. "उशीर माफ करा असा अर्ज करता येतो. कोर्ट ऐकेलच असं नाही. आणि तुम्ही शपथेवर खोटं बोलला होतात हे आता स्वतःच लिहून देणार. त्याची कारवाई तुमच्यावर होऊ शकते. घरी विचारून या."

मी विचारले नाही. विचारले असते, तर मला थांबवणारे मिळाले असते, आणि थांबवले जाण्याची इच्छा माझ्यात पुरेशी होती.

त्याच टाइपिंगवाल्याकडून लिहून घेतलेले प्रतिज्ञापत्र पिशवीत घालून मी धुळ्याला गेलो. दुपारची वेळ होती. अक्का ओट्यावर डाव्या हाताने मेथी निवडत होती. तिने मला पाहिले, जुडी बाजूला ठेवली आणि बाजेकडे बोट दाखवले. पाणी तिच्या भावजयीने आणून दिले, तांब्या जरा जोरात टेकवून, आणि ती आत गेली. दारात कुट्टी यंत्र होते. त्याच्या चाकाला साखळी घालून कुलूप लावलेले होते.

"वापरतस नही आते," अक्का म्हणाली. "लोके वहिनीलेच बोलतस. ननंदले कुट्टीवर बसाडी, असं."

एवढी वर्षे मी फक्त एका बाईचे नुकसान मोजत होतो. त्या घरातल्या दुसऱ्या बाईवर माझ्या शेऱ्यामुळे काय आले, ते मला त्या कुलपाने सांगितले. मी एवढेच म्हणालो, "अक्का, मी लिहून आणलंय. याचा उपयोग होईल की नाही, ते मला सांगता येत नाही."

"बठ्ठं, सगळंच ठाऊक व्हतं तुमले," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. "वाचा."

मी चष्मा लावला आणि वाचू लागलो. माझे नाव, माझे वय, माझे काम. मग दोन नावे, ती एकाच व्यक्तीची असल्याची ओळ, आणि त्या दिवशी सदर महिला मिलमध्ये कामावर हजर होती, हे वाक्य. माझ्या नेहमीच्या आवाजात मी शेवटपर्यंत वाचले आणि कागद खाली ठेवला.

अक्काने कागदाकडे पाहिले नाही. आतल्या दाराकडे हनुवटी केली. आत भाकरी थापण्याचा आवाज येत होता.

"मोठ्यानी वाचा, भाऊ. तठे आयकू नही येत."

मी पुन्हा सुरुवात केली. 'हजर' या शब्दाशी आलो तेव्हा माझा आवाज फाटला, पण ओट्यावरून आतपर्यंत गेला असावा. भाकरी थापणे थांबले होते.