नवरदेवाचा अंगठा

सत्तरच्या दशकात धानाच्या रोवणीत माझ्या पायात काटा मोडला. जखमेवर मी शेण थापलं आणि सेप्टिक होऊन मरता मरता वाचलो. दवाखान्यातून घरी आल्यावरही वर्षभर केस गळत होते, विहिरीपर्यंत गेलं तरी धाप लागायची. तेव्हापासून मी दिसेल त्याचे पाय तपासू लागलो. लोक मला टाळायचे. टाळेनात का!

पुतणीच्या लग्नात नवरदेवाचे पाय धुवायची माझी पाळी आली. त्याच्या अंगठ्याला चिंधी होती. बाकीच्यांनी चिंधीवरूनच पाणी सोडलं होतं. मी ती सोडून पाहिली. आत सुजलेली जखम, तिच्यावर शेण! माझं डोकंच फिरलं.

"हे कायले थापलं?"

"बरं वाटते, मामाजी." आमच्याकडे सासऱ्याला, चुलतसासऱ्यालाही मामाजीच म्हणतात.

"मलेही बरंच वाटत होतं!"

बाशिंगासकट त्याला सायकलवर बसवलं आणि लाखनीच्या डॉक्टरकडे निघालो. वरात निघाली समजून बँडवाले वाजवत मागे आले. सुई टोचली तेव्हा नवरदेव केवढ्यानं तरी ओरडला, पण बँडपुढे कुणाला ऐकू आलं नाही.

मुहूर्त टळून लग्न संध्याकाळी लागलं. वहिनी दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

आता आमच्याकडचे नवरदेव मला पाहिलं की मोजे घालूनच पाटावर बसतात. मी मोजे काढायला लावतो.