बॉयलरबाईंचं विधेयक

मतदारसंघात त्यांना सगळे बॉयलरबाईच म्हणत. नवरा गेल्यावर त्यांनी आणि धाकट्या दिरानं बॉयलरचा कारखाना बावीस वर्षं चालवला. वेल्डिंगच्या सांध्यावर बोट फिरवून त्या म्हणत, "इथं पोकळ राहिलंय, पुन्हा कर," आणि भलाभला कारागीर निमूट पुन्हा करायला बसे. पक्षाला निवडून येईल असं उद्योगातलं माणूस हवं होतं. बाई आमदार झाल्या, कारखाना दिराच्या हाती गेला.

आमदारकीच्या तिसऱ्या वर्षी कपडे रंगवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात बॉयलर फुटला. चार कामगार बाया जागच्या जागी गेल्या. बाईंनी तिथं जाऊन पत्र्याचा फाटका तुकडा उचलून पाहिला. आतून गंजून कागदासारखा झाला होता.

"शेवटचा कधी तपासलात?"

"लहान कारखाना आमचा," मालक म्हणाला, "आमच्याकडे कोण येतंय तपासायला?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ महिने खपून त्यांनी विधेयक तयार केलं: लहान असो की मोठा, प्रत्येक बॉयलर दरवर्षी पाण्याचा दाब देऊन तपासायचा. समितीतून ते परत आलं तेव्हा त्यात एक ओळ वाढली होती. लहान कारखान्यांना सूट.

त्या तडक पक्षाच्या नेत्याकडे गेल्या. "साहेब, त्या बाया लहान कारखान्यातच मेल्या ना?"

"विधेयकाला नाव तुमचंच राहतंय की. आणि सूट तुमच्याच घरून मागितलीय," असं म्हणत साहेबांनी बॉयलर बनवणाऱ्यांचं निवेदन पुढे सरकवलं. पहिली सही दिराची होती.

कारखान्यात दीर मान खाली घालून बोलला. "वहिनी, तुम्ही तिकडे गेल्यापासून आपण जुने बॉयलर डागडुजी करून लहान कारखान्यांना विकतोय. तपासणीत ते टिकायचे नाहीत."

"फुटला तो आपला होता?"

"नाही हो, आपला एकही फुटलेला नाही."

"अजून," बाई म्हणाल्या. "किती विकलेस?"

"एकोणीस."

मतदानाच्या दिवशी त्या सभागृहात उभ्या राहिल्या. "या विधेयकाला माझं नाव आहे आणि मी याच्या विरोधात मत देतेय. माझ्याच कारखान्यानं असे एकोणीस बॉयलर विकलेत. उद्या ते फुटले, तर मेलेल्यांच्या घरी तुमच्यातलं कोण येणार आहे माझ्याबरोबर?"

समोरचे बाक वाजले, मागून कुणीतरी "खाली बसा" ओरडलं. बाई बसल्या नाहीत. विधेयक मात्र त्या सवलतीसकट मंजूर झालं. पुढच्या निवडणुकीत त्यांचं तिकीट कापलं गेलं, आणि दिरानं वेगळी चूल मांडली.

बाई पुन्हा कारखान्यात बसू लागल्या. विकलेल्या बॉयलरांपैकी सतरा त्यांनी परत आणवले, स्वतः उभं राहून कापले. उरलेल्या दोन बॉयलरांचे मालक दाद देईनात. त्यातल्या एकानं फाटकापाशीच अडवलं. "कायद्यानं आम्हाला सूट आहे, बाई. तुमच्याच कायद्यानं."

तेवढ्यात कारखान्यातली कामाची पाळी सुटली. मालकाकडे पाठ फिरवून त्या बाहेर पडणाऱ्या बायांच्या आडव्या गेल्या आणि आतल्या बॉयलरमध्ये काय दडलंय ते भर रस्त्यात, घसा फोडून सांगू लागल्या.