शिसवाचा तुकडा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. परवा युसूफच्या दफनाला गेलो, मूठभर माती टाकली — तेव्हाही नाही.

युसूफ माझा कॉलेजातला दोस्त. देहूरोडला त्यांची लाकडाची वखार, मी रहाटणीचा. पिंपरीत तेव्हा औषधांचा कारखाना उभा राहत होता, गावची पोरं तिकडे कामाला धावत होती. आम्ही दोघांनी मात्र बी.एस्सी. होऊन डेहराडूनला अर्ज केला — वनशास्त्र आणि लाकूडशास्त्र शिकायला. मुलाखतीचं बोलावणं दोघांना आलं. आपल्या भागातल्या लाकडांचे नमुने स्वतः तयार करून न्यायचे होते. प्रोफेसर म्हणाले होते, इथून घेतला तर एकालाच घेतील.

मी पुस्तकं वाचली होती. तो वखारीत वाढला होता — आणि पुस्तकंही त्यानं वाचली होती. हेच मला सोसत नव्हतं. एक तरी गोष्ट माझ्या एकट्याची नको का? आमचं दार फुगलं तेव्हा माझी आईसुद्धा म्हणाली, "युसूफला इचार की. त्येला कळतं." मी शेजारीच बसलो होतो. लाकूड का फुगतं तेच वाचत.

ओलं लाकूड टोकांकडून आधी सुकतं आणि तडकतं. म्हणून टोकांना शेण-माती लिंपून ते सावलीत ठेवतात. शेण आमच्या गोठ्यात, त्यामुळे दोघांचेही तुकडे आमच्याच पडवीत होते. लिंपताना तो म्हणाला, "नाक काय मुरडतोस, राव? पुस्तकात याचा वास येत नाही वाटतं?" मी हसलो. हसलो होतो का?

मग तो चाकणला मामाकडे लग्नाला गेला. जाताना म्हणाला, "तुकड्यांकडे बघ रे."

आणि मी — किती वेळ मी इकडचं तिकडचं सांगतोय — मी त्याच्या तुकड्यांचं शेण खरवडून काढलं. ते भर उन्हात पत्र्यावर मांडले. संध्याकाळी पुन्हा लिंपून जागेवर ठेवले. एकदा नाही, तो येईपर्यंत रोज. रोज हात धुऊन जेवायला बसलो.

तो आला. शेण काढलं, भेगा पाहिल्या, त्यांवरून अंगठा फिरवला. "माझीच घाई नडली, राव. लेप पातळ बसला." नवे तुकडे सुकवायला आता वेळ नव्हता. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून तो मुलाखतीला गेलाच नाही. वखारीत मागे राहिलेला त्याचा शिसवाचा एक तुकडा तेवढा शाबूत होता. तो त्यानं मला दिला. "तुझ्यात शिसव नाही. घेऊन जा."

मी नेला. मुलाखतीत साहेबांनी नेमका तोच उचलला. कोणी तयार केला, म्हणून विचारलं.

"मीच."

मी शिकून आलो. तो लष्कराच्या डेपोसाठी खोकी ठोकत राहिला. मी भेटलो की कामगारांना हाक मारून सांगायचा, "हा बघा, आमचा लाकडाचा डॉक्टर!" परवा तापानं गेला.

आमच्याकडे मुसलमानांच्या कबरीत देहावर फळ्या घालतात, मग माती लोटतात. फळ्या वखारीतूनच आणल्या होत्या. त्याच्या अब्बांनी त्या माझ्यापुढे सरकवल्या.

"बेटा, तूच निवड. तुला कळतं."

मी खाली बसलो आणि एकेका फळीची टोकं पाहिली. भेग नसलेल्या तेवढ्या बाजूला काढल्या.