उशीतलं बाळ

माझी आत्या गाद्या-उशा भरायची. जुनी गादी उसवायची, कापूस पिंजून मोकळा करायचा, धुतलेल्या खोळीत परत भरून दाभणानं टाके घालायचे, हे तिचं काम. जीभही दाभणाच्याच जातीची. "ही गादी आहे की दगडांचं पोतं?" असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायची. तरी गिऱ्हाईक तिच्याकडेच यायचं, कारण तिच्या गादीवर पाठ दुखत नसे. मला आईबाप नव्हते. तिनंच वाढवलं, आणि कापसाच्या धुरळ्यात खोकत खोकत मी तिच्या हाताखाली तयार झाले.

घामानं, ओलीनं उशीतला कापूस कधीकधी आवळत जातो आणि त्याचा मुठीएवढा घट्ट गोळा होतो. आमच्या घरात त्याला 'बाळ' म्हणत. आजोबांपासूनचा शब्द. "या गादीला बाळं फार झालीत गं," आत्या म्हणायची, आणि मी ती वेचून टोपलीत टाकायची. बाहेरच्यांच्या कानाला हे कसं लागेल, हा विचार आम्हाला कधी शिवलाच नाही.

आणि आमची गल्ली म्हणजे काय सांगावं! टोकाला एक बुजवलेली विहीर होती. आजीच्या लहानपणी गुरं पटापट मेली, तेव्हा दूध विकणाऱ्या एका एकट्या बाईला चेटकीण ठरवून लोकांनी त्या विहिरीत ढकललं होतं. त्याआधी कुणाचे केस कापले होते, कुणाचे दात पाडले होते, का तर तोंडानं मंत्र म्हणता येऊ नये. हे करणाऱ्यांची नातवंडं आता शिकली होती, चष्मे लावत होती, पण विहिरीजवळून जाताना श्वास धरायचीच. त्या शहाण्यांचा मला अजून संताप येतो.

कोपऱ्यावरच्या पाववाल्याच्या बायकोचं दोनदा पोट पडलं होतं. आता तिचे दिवस भरत आलेले. सुनेला उशी टोचते म्हणून तिच्या सासूनं आत्याला बोलावलं. अंगणात शेजारणी गप्पा मारत बसल्या होत्या. आत्यानं उशी उसवली, हात आत खुपसला आणि नेहमीसारखी मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई, हिच्यात बाळ धरलंय! पार दगड झालाय मेल्याचा."

कुणी हसलं नाही. सून पोटावर हात ठेवून भिंतीला टेकली. सासूनं हळूच विचारलं, "ही उशी भरली कुणी होती?"

भरली आत्यानंच होती, त्यांच्या लग्नाच्या वेळी.

आत्यानं परोपरीनं समजावलं. शेवटी दोन्ही हातांनी गोळा फोडून दाखवला. कापूस, नुसता कापूस. पण "फोडलं हो, फोडलं!" म्हणून एक शेजारीण किंचाळली, आणि संपलंच सगळं.

त्या दिवसापासून आमच्याकडे कुणी गादी टाकली नाही. आम्ही दिसलो की आया मुलांना आत ओढायच्या. एका सकाळी दारावर कोळशानं काढलेलं मोठं वर्तुळ दिसलं. ते विहिरीचं आहे हे सांगायला कुणी लागलं नाही. माझी पाचावर धारण बसली.

"आत्या, पळून जाऊ या."

"पळालो तर खरंच ठरेल. तिला पोर नीट होऊ दे, मग बघू."

त्या न जन्मलेल्या पोरावर आमचा जीव टांगणीला लागला होता.

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. तिकडे सुईण आत गेली आणि इकडे पुरुष आमच्या दारासमोर येऊन उभे राहिले. शिव्या नाहीत, दगड नाहीत. नुसते उभे. त्यात शाळेतले मास्तर होते, आणि आमचा कापूसवालाही होता, ज्याला मी काका म्हणायची. कडी लावून आम्ही दाराला पाठ टेकून बसलो. बाईचं ओरडणं ऐकू येत होतं. ते थांबलं की मी दाराच्या फटीला कान लावायची. आत्याची नखं माझ्या मनगटात रुतली होती.

मग रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं, जिवंत. मी हुंदके देऊन रडले. माणसं पांगली. काकानं जाताना वळूनही बघितलं नाही.

सुटलो, असं मला वाटलं. संध्याकाळी सासू ताजे पाव घेऊन आली आणि तिनं आत्याचे हात आपल्या डोळ्यांना लावले. "तुम्ही काढून घेतलंत म्हणून वाचलं हो. ज्यानं घातलं त्यालाच काढता येतं."

मग उशा येऊ लागल्या. "जरा बघा हो, आत काही आहे का." आत्या दिवसभर उसवायची, दाखवायची, शिवायची, आणि दिवसेंदिवस गप्प होत चालली.

एकदा मास्तरांची बायको आली. चादरीत गुंडाळलेली उशी तिनं पुढे सरकवली. "ही माझ्या जावेची," ती कुजबुजली. "हिच्यातलं काढू नका. एक घाला."

"वहिनी, तो कापसाचा गोळा असतो हो. नुसता आमचा शब्द आहे तो."

"असं तुम्ही म्हणायचंच." ती हसली. मग तिचे डोळे बारीक झाले. "की जाऊच आधी येऊन गेली? माझ्या उशीत घातलंत का काही?"

उशी तिथेच टाकून ती निघून गेली. परत द्यावी तर हिच्याशी वैर, ठेवावी तर जावेला साधा ताप आला तरी आमच्या गळ्याशी. दारापुढे गर्दी उभी असताना न हललेली माझी आत्या आता भराभर लुगडी गाठोड्यात बांधू लागली.

"ऊठ," ती म्हणाली. "निघायचंय."

आम्ही कापूस पिंजायची धनुकलीसुद्धा उचलली नाही. दूरच्या एका गावात आत्या मरेपर्यंत लोकांची भांडी घासत राहिली. तिथल्या बायका विचारायच्या, आधी काय काम करत होतीस? बोटांनी चाचपून कापूस किती जुना ते सांगणारी माझी आत्या खाली बघून म्हणायची, "मला काही येत नाही."