करारापूर्वीची तपासणी

१४ जून २०२३ रोजी धाकट्याने थोरल्या भावाच्या रक्ततपासणीचे अडतीस हजार चारशे रुपये न मागता भरले. टेलरिंगच्या दुकानात गल्ला धाकट्याकडे आणि कात्री थोरल्याकडे, असं तीस वर्षं चाललं होतं. थोरल्याला सगळे मास्तर म्हणत. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं होतं आणि मास्तर पूर्वीसारखेच कापड कापत होते. आता मोठ्या रस्त्यावरचा गाळा दहा वर्षांच्या कराराने घ्यायचा होता, दोघांच्या नावावर.

“दादा, गाठ दिसायच्या आधी रक्तातच कळतं म्हणे, काही उरलंय का ते. एकदा सोक्षमोक्ष लागू दे.”

“माझा की कराराचा?” मास्तर हसले. बायको हसली नाही. दिराने स्वतःहून खिशात हात घातला, तेव्हाच तिला संशय आला होता.

रक्तात रोगाचा अंश सापडला. लगेच केलेल्या स्कॅनमध्ये मात्र काहीच नव्हतं.

“धोका वाढलाय, हे खरं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण जागा दिसत नाही, तर इलाज कशावर करू? दर तीन महिन्यांनी बघत राहू.”

“म्हणजे चोर घरात, आणि आम्ही दारात खुर्ची टाकून बसायचं!” मास्तर म्हणाले.

आठ दिवसांत करार झाला. सह्या धाकट्याच्या आणि त्याच्या मेव्हण्याच्या.

“तुला दगदग नको म्हणून रे, दादा. कर्ज देणाऱ्या बँकेला काय सांगणार होतो?”

“बँकेने विचारलं होतं?”

धाकटा गल्ल्यातली नाणी उगाच लावत बसला. मास्तरांची बायको गिऱ्हाइकांदेखत म्हणाली, “माणूस धडधाकट उभा आहे आणि तुमची वाटणी उरकलीसुद्धा!”

“वहिनी, हळू बोला.”

“का? सही काय हळू केलीत?”

पुढच्या तपासणीत अंश सापडला नाही. त्यापुढच्या दोन्हींतही नाही. क्वचित असं होतं, तरी गाफील राहू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मास्तरांनी तिन्ही अहवाल धाकट्यापुढे ठेवले.

“बरं झालं, दादा,” तो म्हणाला आणि टेप गळ्यात घालून गिऱ्हाइकाचं माप घ्यायला उठला.

मास्तर आता त्याच गाळ्यात नगामागे मजुरीवर कापड कापतात. मालकाच्या खुर्चीवर मेव्हणा बसतो. गेल्या महिन्याच्या मजुरीतले सहाशे पन्नास रुपये अजून यायचे आहेत.