कोणतेबाई

माझ्या मावशीला सगळं वाचनालय ‘कोणतेबाई’ म्हणायचं. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. कुणी धापा टाकत येऊन सांगितलं, ‘‘बाई, डॉक्टर गेले हो,’’ तर बाकीची माणसं ‘अरेरे’ म्हणायची आणि मावशी विचारायची, ‘‘कोणते?’’ लोकांना तो उद्धटपणा वाटे. पण त्या वाचनालयाने तिला एकतीस वर्षं हाच प्रश्न विचारायला नोकरीवर ठेवलं होतं, आणि सवय काही पाच वाजता खुर्चीवर ठेवून घरी येत नाही.

तिचं टेबल पहिल्या मजल्यावर, सूची विभागात. पुस्तकांची कार्डं लाकडी खणांत लावलेली असत, आणि त्यातला एक लांबलचक खण खास तिचा होता. त्यावर चिठ्ठी होती : ‘सारखी नावं’. त्यात एकाच नावाचे चार कवी होते, त्यातला एक फौजदार. एकाच नावाची अकरा गावं होती. एक नदी होती आणि त्याच नावाचा साबण. एकाच नावाच्या सात कादंबऱ्या होत्या आणि आठवं त्याच नावाचं पुस्तक लोणच्यांवर होतं. कादंबरी मागणारा माणूस कधीकधी लोणची घेऊन घरी जाई. त्यातले दोघं ती बदलून घ्यायला आलेच नाहीत.

मावशीचं काम एवढंच, की ह्याचं पाप त्याच्या माथी जाऊ नये आणि त्याचं पुण्यही. प्रत्येक कार्डावर नाव, जन्मसाल, कंसात व्यवसाय आणि तळाला एक ओळ : ‘पुरावा’. पुरावा छापील हवा. मोठ्या ग्रंथपालांनी नियमच लिहून भिंतीला लावला होता, ‘ऐकीव, घरगुती आणि मला-माहीत-आहे या प्रकारची माहिती ग्राह्य नाही.’ पुरावा नसेल तर पुस्तक त्या नावाचा जो लेखक सूचीत आधीपासून असेल त्याच्या खात्यावर जायचं. इथे आपला तो बाब्या चालणार नाही, असं ग्रंथपाल म्हणत, आणि मावशीला ते मनापासून पटे.

आता काकांकडे येऊ. काका म्हणजे मावशीचे यजमान. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. बोटांना कायम तेलाचा वास, कानामागे पेचकस. या माणसाने आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, चौसष्ट पानांचं : ‘शिलाई मशीन : निगा आणि दुरुस्ती’. लेखकाची माहिती पासष्टाव्या पानावर होती. कागद वाचवायला छापखानेवाल्याने ते पान गाळलं. आणि दैव असं, की काकांच्याच नावाचे, आडनावासकट, एक थोर कादंबरीकार होते. ते नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर परत तोच घोळ.

पुस्तक वाचनालयात आलं ते मावशीच्याच टेबलावर. तिने पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं, नियमाप्रमाणे पुस्तक कादंबरीकारांच्या खात्यावर लावलं आणि घरी येऊन काकांना सांगितलं. मी तेव्हा त्यांच्याकडे शिकायला राहत होते, त्यामुळे हे भांडण मी भाजी निवडत ऐकलं.

‘‘अगं, तू मला ओळखत नाहीस का?’’ काका म्हणाले.

‘‘ओळखते ना. पण तुम्ही छापील नाही.’’

‘‘तुझ्या डोळ्यांसमोर लिहिलंय मी ते. शाईची बाटली तू आणून दिलीस!’’

‘‘ती घरगुती माहिती झाली,’’ मावशी म्हणाली, आणि आमटी ढवळायला गेली.

काका चिडणाऱ्यातले नव्हते. मलाच मावशीचा राग आला. काका म्हणाले, ‘‘माझं एकच तर आहे. ते माझ्या नावावर असावं एवढंच वाटतं. म्हणजे, नावावर आहेच. माझ्यावर असावं.’’

मग छापील होण्याचा खटाटोप सुरू झाला. काकांनी तुंबलेल्या गटाराबद्दल वर्तमानपत्राला पत्र पाठवलं आणि खाली सही, जन्मसाल, व्यवसाय, पुस्तकाचं नाव, सगळं घातलं. संपादकांनी पत्र छापलं आणि सहीखालचं सगळं कापलं. थोर कादंबरीकारांनी लक्ष घातलंय म्हटल्यावर गटार दोन दिवसांत साफ झालं. काकांना गटाराचा आनंदही धड झाला नाही.

मग त्यांनी थेट कादंबरीकारांनाच लिहिलं, की हे पुस्तक तुमचं नाही असं कुठेतरी छापून जाहीर करा. उत्तर आलं, सुंदर अक्षरात : ‘पुस्तक मागवून वाचले. आवडले. ते माझ्या नावावर असण्यास माझी काहीही हरकत नाही.’

पुढे कादंबरीकार वारले. त्यांच्या समग्र साहित्याचा जाडजूड खंड निघाला. त्यात काकांचं पुस्तक होतंच, शिवाय प्रस्तावनेत एका प्राध्यापकांनी ‘दोरा का तुटतो’ या प्रकरणावर तीन पानं लिहिली होती, की लेखकाने इथे मानवी नात्यांची वीण उलगडली आहे.

‘‘दोरा ताण जास्त झाला की तुटतो,’’ काका म्हणाले. ‘‘स्क्रू अर्धा फेरा ढिला करायचा. यात नातं कुठून आलं?’’

मावशीने खंडाची मागची पानं उलटली. पुस्तक कादंबरीकारांचंच आहे याला आधार काय दिलाय, तर आमच्या वाचनालयाची सूची. म्हणजे मावशीचंच कार्ड. आता छापील पुरावा होता, आणि तो काकांच्या विरुद्ध होता. त्या दिवशी मावशी पहिल्यांदाच ‘कोणता’ वगैरे काही विचारत नव्हती. ती जेवलीही नाही.

त्याच वर्षी काकांच्या हृदयाने कुरकूर सुरू केली. डॉक्टरांनी मशीन उचलायला बंदी केली आणि मावशीला बाजूला घेऊन सांगितलं, की फार लांबचे बेत करू नका. काकांनी पुस्तकाचा विषय पुन्हा काढला नाही. हेच मावशीला सहन झालं नाही, असं तिने मला नंतर सांगितलं.

एका सोमवारी ती त्यांना रिक्षाने वाचनालयात घेऊन गेली. मी दुसऱ्या बाजूने हात धरायला. जिन्यात काका तीनदा थांबले. मावशीने आपला खण ओढला आणि एक कोरं करकरीत कार्ड त्यांच्या हातात दिलं. नाव, जन्मसाल, कंसात ‘शिलाई मशीन दुरुस्ती’. खाली पुस्तक. ‘पुरावा’पुढची जागा रिकामी होती. नियम मोडेपर्यंत तिची मजल गेली होती, पण खोटं लिहिण्यापर्यंत गेली नव्हती.

काकांनी चष्मा लावला. बराच वेळ कार्ड धरून बसले. मला वाटलं, त्यांना भरून आलंय.

‘‘साल चुकलंय,’’ ते म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘जन्मसाल. मी याच्या चार वर्षं आधीचा. लग्न ठरताना चार वर्षं कमी सांगितली होती. तुझ्या वडिलांना मी जरा जून वाटलो असतो.’’

एकतीस वर्षांत एकदाच मावशीने घरगुती माहितीवर विश्वास ठेवला होता. मला हसू आवरेना. मावशी भिंतीवरच्या नियमाकडे बघून म्हणाली, ‘‘साहेबांचं बरोबरच आहे म्हणायचं.’’ आणि खोडायला पेन उचललं.

‘‘राहू दे तसंच,’’ काका म्हणाले. ‘‘तू ज्याच्याशी लग्न केलंस तो याच सालातला.’’

तिने पेन खाली ठेवलं. कार्ड खणात गेलं. परतताना काका जिन्यात एकदाच थांबले, आणि तेही खणाकडे वळून बघायला.

काका पुढे पाच महिने होते. गेले ते दुपारी, चहाची वाट बघत. मशीनवाल्यांच्या संघटनेने वर्तमानपत्रात निधनवार्ता दिली. खरं जन्मसाल, व्यवसाय, पुस्तकाचं नाव, काही म्हणता काही कापलं नव्हतं. ग्रंथपालांनी स्वतः ते कात्रण मावशीच्या टेबलावर आणून ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘बाई, आता छापील आहे.’’

मावशीने कात्रण वाचलं, ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. मग कार्ड काढून जन्मसालापुढे मृत्यूचं साल लिहिलं, आणि ‘पुरावा’पुढे, तिच्या त्या गोल, सरळ अक्षरात : ‘मी शेजारी बसले होते.’